आधी प्रयोग, मग रेकॉर्ड

ब्रायटन,
9 नोव्हेंबर 2025

चि. मल्हार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला, पाठवलेली तिन्ही गाणी ऐकली. फोन करणार होते, पण हा विषय फोनवर उरकण्यातला नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही पोरं वर्गणी काढून डिसेंबरात स्टुडिओ ठरवताय, आठवड्याभरात सात गाण्यांचा अल्बम करून मोकळं व्हायचंय, आणि त्यातलं एकही गाणं अजून चार परक्या माणसांसमोर वाजवलेलं नाही! हे वाचून मला राहवलं नाही. अल्बम करू नका असं मी म्हणत नाही. पुढे ढकला, एवढंच म्हणते. का ते आता सांगते, आणि जरा लांबेल, कारण तूच विचारलंस की आत्या, तुला खरं काय वाटतं.

तू पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा भक्त, म्हणून त्यांचंच उदाहरण घेते. माझीही उभी हयात त्यांना ऐकण्यात गेली आहे, त्यामुळे ठामपणे सांगू शकते: या बँडनं रेकॉर्ड करण्याआधी लोकांसमोर वाजवून वाजवून जे घडवलं, तेच त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे. 'मेडल' या अल्बमवरचं 'एकोज', अख्खं 'द डार्क साइड ऑफ द मून', 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', 'ॲनिमल्स'मधली दोन लांबलचक गाणी. 1971 ते 1977. त्याआधीचं गोड आहे, नंतरचंही काही काही थोर आहे, पण कितीही ऐकलं तरी झिजत नाही ते या वर्षांतलं.

माझ्या घरापासून ब्रायटन डोम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे प्रिन्स रीजंट झालेल्या इंग्लंडच्या राजपुत्रानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या घोड्यांच्या पागेसाठी ही घुमटाची इमारत बांधली, आणि पहिल्या महायुद्धात इथे आपल्याकडच्या जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. त्यामुळे तिथून जाताना पाय एरवीही रेंगाळतात. पण तुझ्या-माझ्या दृष्टीनं महत्त्वाची तारीख 20 जानेवारी 1972. त्या रात्री याच सभागृहात पिंक फ्लॉइडनं 'डार्क साइड' पहिल्यांदा लोकांसमोर काढलं. रेकॉर्डचा अजून पत्ता नव्हता. समोरच्या एकाही माणसानं त्यातला एकही सूर आधी ऐकलेला नव्हता. आणि 'मनी' चालू असताना यंत्रणेनं दगा दिला, प्रयोग मध्येच थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी पोर्ट्समथच्या गिल्डहॉलमध्ये तो पहिल्यांदा शेवटापर्यंत पोचला. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरात तो समीक्षकांसमोर झाला. ॲबी रोड स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं ते मे संपता संपता, आणि अल्बम दुकानात आला मार्च 1973 मध्ये. म्हणजे रेकॉर्ड हातात पडण्याआधी हा सगळा ऐवज वर्षभर गावोगाव, देशोदेशी, अगदी जपानपर्यंत वाजवून झाला होता.

सांगलीच्या माणसाला मी हे काय सांगावं! नाटक पहिल्या प्रयोगाला उभं राहतं, पण बसतं पंचविसाव्या प्रयोगाला. कुठली जागा पडते, कुठे प्रेक्षक चुळबुळ करतो, कुठे टाळीसाठी थांबावं लागतं, हे तालमीत कळत नाही. आजीला विचार, ती माझ्यापेक्षा नीट सांगेल.

आता या वर्षभरात काय काय बदललं ते ऐक. 2011 साली 'डार्क साइड'चा जो मोठा संच निघाला त्यात 1972 च्या जूनमधल्या, म्हणजे बँड डोमला परत आला तेव्हाच्या, ब्रायटनच्या काही फिती आहेत. त्या काढून ऐक. 'ऑन द रन' तुला ठाऊक आहे ते सिंथेसायझरचं, पळत सुटणारं. ब्रायटनला ते तसं नव्हतंच. 'ट्रॅव्हल सीक्वेन्स' नावाची गिटार-कीबोर्डची जुगलबंदी होती ती, बरी होती, पण कुठल्याही चांगल्या बँडला जमली असती. स्टुडिओत हाताशी नवा सिंथेसायझर आला तसं ते काढून टाकलं. वर्षभर वाजवलेला तुकडा काढून टाकायला धाडस लागतं, आणि ते धाडस वर्षभर वाजवल्यामुळेच येतं. हे पाणचट आहे, हे त्यांना दुसरं कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

त्याहून मोठी गोष्ट शेवटाची. पहिल्या काही प्रयोगांत 'एक्लिप्स' हे गाणंच नव्हतं. हे सगळं कुठेतरी अधांतरी संपतंय असं वाजवताना जाणवलं, तेव्हा दौरा चालू असताना बँडच्या बेसवादकानं, रॉजर वॉटर्सनं ते लिहून आणलं. ज्या शेवटाशिवाय आज आपल्याला हा अल्बम सुचतच नाही, तो लोकांपुढे उणीव उघडी पडल्यावर आलेला आहे. तुमच्या तिसऱ्या गाण्याचा शेवट मला असाच अधांतरी वाटला. तू म्हणशील, तो मुद्दाम तसा ठेवलाय. असेल. तीन ठिकाणी वाजवा, मग बोलू.

'द ग्रेट गिग इन द स्काय'ची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती तुला नीट माहीत असावी. मंचावर हा भाग 'मॉर्टॅलिटी सीक्वेन्स' म्हणून वाजायचा: रिक राइटचा ऑर्गन आणि वर बायबलमधली वाचनं टेपवरून. मृत्यूबद्दलचं सगळं कसं सांगून टाकलेलं. रेकॉर्डिंग संपत आलं तरी त्यांना त्यावर काय घालावं कळेना. जानेवारी 1973 मध्ये एका रविवारी क्लेअर टॉरी नावाच्या तरुण गायिकेला बोलावलं. शब्द नाहीत, चाल नाही, तू गा, एवढंच. तिनं सुरुवातीला सवयीनं इकडचे तिकडचे शब्द घेतले, तर तेही नकोत म्हणाले. मग तिनं ठरवलं की आपला गळा म्हणजे वाद्य समजायचं, आणि थोड्याच वेळात जे गाऊन ठेवलं ते तू ऐकलंच आहेस. मानधन मिळालं तीस पौंड. तू म्हणशील, मग हे तर स्टुडिओतच झालं की! झालं, पण त्या पियानोच्या स्वरावली राइटच्या हातात वर्षभर मुरलेल्या होत्या, आणि इथे वाचन नको, वेगळंच काहीतरी हवं, हे वर्षभर वाजवूनच उमगलं होतं. जागा तयार होती म्हणून ती बाई तिथे येऊन एवढं मोठं काम करू शकली.

याच गोष्टीत एक व्यवहाराची बाब आहे, ती गाठीला बांधून ठेव. क्लेअर टॉरीला त्या गाण्याची सहरचनाकार म्हणून मान्यता मिळायला तीस वर्षं लागली. 2004 साली तिला कोर्टात जावं लागलं, 2005 मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे रचनेच्या श्रेयात तिचं नाव आलं. तुमच्या दुसऱ्या गाण्यात जी मुलगी मागे आलाप घेते, तिचं नाव तू मला कळवलेल्या यादीत नाही. ते घाला. कुणी चाल केली, कुणी शब्द, कुणी मधला तुकडा, हे आजच कागदावर लिहून चौघांनी खाली सह्या करा. पैसे नाहीत तोवरच हे सोपं असतं.

'मनी'बद्दल तू विचारलं होतंस की त्याचा ठेका पकडताना पायाचा गोंधळ का होतो. अरे, इतकी वर्षं तबला शिकलास, मोजून बघ. सात मात्रा आहेत. रूपक धर आणि बेस ऐक, आपोआप बसेल. सॅक्सोफोनही सातातच वाजतो, आणि मग गिटारचा सोलो सुरू होतो तिथे सगळं चारात येतं, त्यामुळेच तिथे एकदम मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटतं. सुरुवातीचे ते नाण्यांचे, गल्ल्याचे, कागद फाडल्याचे आवाज कसे केले माहीत आहे? वॉटर्सच्या बायकोकडे मातीची भांडी करायचं सामान होतं, त्यातल्या एका मोठ्या वाडग्यात त्यानं नाणी टाकून आवाज घेतला. असे सात आवाज टेपवर घेतले, मोजपट्टीनं मोजून सारख्या लांबीच्या सात पट्ट्या कापल्या, एकापुढे एक चिकटवून त्याचं कडं केलं. ते कडं एवढं मोठं झालं की यंत्रातून बाहेर काढून मायक्रोफोनच्या स्टँडभोवती फिरवावं लागलं. ताल म्हणजे शब्दशः हातानं मोजून कापलेली फीत! आज तुझ्या लॅपटॉपवर हेच काम दोन मिनिटांत होतं. खुशाल कर. पण सात मात्रा कुठे पडतात हे आधी बोटांना कळलेलं असू दे.

आता शब्दांकडे येते, कारण तिथे मला तुझ्याशी भांडायचंय. तुझ्या तीन गाण्यांत मिळून 'अस्तित्व', 'शून्य', 'अनंत' आणि 'अंधार' एवढ्या वेळा आले की मी मोजायचं सोडून दिलं. हे शब्द वाईट नाहीत, पण विशीतला मुलगा ते वापरतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्यातून तू दिसत नाहीस. वॉटर्स 'डार्क साइड' लिहीत होता तेव्हा तिशीच्या आतच होता. त्याआधीची त्यांची गाणी तारे, अवकाश, ढग यांत रमलेली असायची. इथे त्यानं ठरवून साधं लिहायला घेतलं. 'टाइम'मध्ये काय आहे? एक माणूस आपल्या गावात वेळ काढतोय, कुणीतरी येऊन वाट दाखवेल म्हणून थांबलाय, आणि एक दिवस बघतो तर दहा वर्षं गेलेली. एवढंच. एक अवघड शब्द नाही. ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इंग्रजी यथातथाच कळायचं, तरी पोटात गोळा आला होता.

त्यानं आणखी एक केलं, ते मला फार आवडतं. कार्डांवर प्रश्न लिहिले: शेवटचा हिंसक कधी झालास, मरणाची भीती वाटते का, वगैरे. आणि स्टुडिओच्या आसपास जो भेटेल त्याला ते वाचून उत्तरं द्यायला सांगितली. पॉल मॅकार्टनी शेजारी रेकॉर्डिंग करत होता, त्यालाही विचारलं. त्याची उत्तरं वापरली नाहीत, कारण तो सावधपणे, रंगवून बोलला. ॲबी रोडचा दरवान जेरी ओ'ड्रिस्कॉल मात्र मनाला आलं ते बोलून गेला, आणि अल्बमच्या अगदी शेवटी, हृदयाच्या ठोक्यांवर ऐकू येतो तो त्याचा आवाज. जगातल्या एवढ्या मोठ्या गायकाचं बोलणं बाजूला ठेवून दरवानाचं घेतलं! गाण्याला कुठलं बोलणं लागतं, याचा यापेक्षा चांगला दाखला माझ्याजवळ नाही.

तरी वॉटर्सचं सगळ्यात चांगलं लिखाण माझ्या मते 'डॉग्ज'मध्ये आहे, 'द वॉल'मध्ये नाही. हे तुला आणि तुझ्या बाबांना दोघांनाही पटणार नाही, दादाशी माझे यावरून कितीतरी वाद झालेत. पण 'डॉग्ज' घडलं कसं बघ. 1974 साली ते 'यू हॅव गॉट टू बी क्रेझी' या नावानं मंचावर वाजत होतं. त्या नोव्हेंबरमधलं वेम्बलीचं रेकॉर्डिंग आता अधिकृत मिळतं, 'विश यू वेअर हिअर'च्या 2011 च्या आवृत्तीत आहे. त्यात शब्द इतके दाटीवाटीनं भरलेत की बँडचा गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मोर, त्याला श्वास घ्यायला जागा नाही, तो नुसता धावतोय. मग दोन वर्षांत शब्द कमी झाले, चाल सावकाश झाली, गिटारला अंगण मिळालं, आणि 1977 च्या जानेवारीत 'ॲनिमल्स'वर आलं ते सतरा मिनिटांचं निखळ सोनं. बाजारात दुसऱ्याचा गळा कापून वर चढलेला माणूस शेवटी एकटा कसा मरतो, त्याची ही गोष्ट. शेवटच्या भागातली ओळ न् ओळ एकाच शब्दानं सुरू होते आणि माणसाची सगळी कुंडली मांडत जाते, लहानपणापासूनची. राग आहे, पण त्या कुत्र्याबद्दलही कणव आहे. हीच कणव 'द वॉल'मध्ये मला कमी पडते. तिथे सगळी कणव स्वतःसाठी.

'शाइन ऑन'चंही तसंच. ते चार स्वर गिल्मोरला तालमीत सहज सापडले, 1974 च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये ते गाणं लोकांसमोर गेलं, आणि रेकॉर्ड निघाली सप्टेंबर 1975 मध्ये. ज्याच्यावर ते गाणं आहे तो बँडचा जुना गायक सिड बॅरेट त्या जूनमध्ये डोकं-भुवया भादरून स्टुडिओत आला आणि कुणी ओळखलंच नाही, ती हकीकत तू हजारदा वाचली असशील, ती परत सांगत नाही. मला त्या गाण्यात जी गोष्ट मोठी वाटते ती म्हणजे पहिला शब्द यायला साडेआठ मिनिटं लागतात. एवढं थांबायची हिंमत कुठून येते? समोर हजारो माणसं बसवून, त्यांना थांबवून बघितलेलं असतं म्हणून येते. आणि हो, 'विश यू वेअर हिअर' हे नावाचं गाणं आणि 'वेलकम टू द मशीन' ही स्टुडिओतच जन्मली, आणि दोन्ही अप्रतिम आहेत. स्टुडिओत काही होतच नाही असं माझं म्हणणं नाही. पण त्या वेळी या चौघांच्या कानांना मैफलीची अखंड सवय होती.

ती सवय तुटली 1977 च्या दौऱ्यात. मोठी मोठी स्टेडियमं, पुढच्या रांगांतला गोंगाट, आणि मॉन्ट्रिअलला 6 जुलैच्या रात्री वॉटर्स एका चाहत्यावर थुंकला. स्वतःच्याच या वागण्याचा त्याला धक्का बसला आणि त्यातून लोक आणि बँड यांच्यातल्या भिंतीची कल्पना निघाली. 'द वॉल' नोव्हेंबर 1979 मध्ये आला, आणि पहिल्यांदाच क्रम उलटा झाला: आधी रेकॉर्ड, मग तिच्याबरहुकूम प्रयोग. 1980-81 मध्ये अवघ्या चार शहरांत 31 प्रयोग झाले, पुठ्ठ्याच्या विटांची भिंत बँड वाजवत असताना समोर रचली जायची, व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फची चित्रं तिच्यावर हलायची. नाट्य म्हणून ते विलक्षणच असणार. पण वादकाला हलायला जागा कुठे? एक वीट वेळेवर लागायची तर सूरही वेळेवरच लागला पाहिजे. फक्त 'कम्फर्टेबली नम्ब'ला गिल्मोर भिंतीच्या टोकावर उभा राहून सोलो लांबवायचा, आणि मला वाटतं सगळ्या प्रयोगात तेवढाच भाग जिवंत होता. त्या गाण्याची चाल त्याची, शब्द वॉटर्सचे, आणि ते बसवताना दोघांचं जोरदार वाजलं होतं. राइटला तर रेकॉर्डिंगच्या काळातच बँडमधून काढलं आणि प्रयोगांना पगारी वादक म्हणून घेतलं. हे मला आजही खुपतं. 'ब्रीद'मधला तो निसटता स्वरमेळ त्यानं जाझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमवरून घेतला होता, 'अस अँड देम'ची चाल त्यानं मुळात अँतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी केली आणि तिथे ती नाकारली गेली. तो कमी बोलायचा, त्यामुळे त्याचं मोल कमी झालं. तुमच्या बँडमध्ये कीबोर्डवाला पोरगा कधी बोलत नाही असं तू म्हणालास ना? त्याला विचारत जा.

पुढच्या अल्बमांबद्दल थोडक्यात. 'द फायनल कट'चे शब्द मला मनापासून पटतात, युद्धात वडील गमावलेल्या मुलाचं ते खरं दुःख आहे, पण संगीत उपाशी आहे. वॉटर्स गेल्यावरचा 1987 चा अल्बम मी लावत नाही. 1994 च्या 'द डिव्हिजन बेल'मधलं 'हाय होप्स' मात्र रात्री एकटीनं ऐकते, ते केंब्रिजच्या बालपणाचं गाणं आहे आणि त्यात गिल्मोरनं पुन्हा गिटारला बोलू दिलंय.

मी स्वतः बघितलेल्या कार्यक्रमांचं विचारलं होतंस. 2007 च्या फेब्रुवारीत वॉटर्स मुंबईला आला, तेव्हा दादा आणि मी सांगलीहून रात्रीच्या गाडीनं गेलो होतो, तू तेव्हा जेमतेम चालायला लागला होतास. एमएमआरडीए मैदानावर त्यानं अख्खं 'डार्क साइड' वाजवलं. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही. ऱ्हिदम हाउसमधून आणलेली कॅसेट ऐकून ऐकून आम्ही ते पाठ केलं होतं आणि ते जसंच्या तसं समोर वाजत होतं. पण परतीच्या वाटेवर मनात आलं, की 'जसंच्या तसं' हीच त्याची मर्यादा आहे. गिल्मोरचं गाणं आणि गिटार दोन-तीन जणांनी वाटून घेतलेली, एक स्वर इकडचा तिकडे नाही. बाहत्तर साली हेच संगीत दर रात्री जरा वेगळं व्हायचं.

म्हणून मला पिंक फ्लॉइडच्या ड्रमरचा, निक मेसनचा नवा बँड जास्त आवडला. 2019 च्या मे महिन्यात लंडनच्या राउंडहाउसमध्ये ऐकला. मूळची रेल्वे इंजिनांची शेड आहे ती, गोल, आणि पिंक फ्लॉइड तिथे 1966 साली वाजवून गेलेले. मेसन 75 वर्षांचा. त्यानं नेम केलाय की 'डार्क साइड'च्या आधीचंच वाजवायचं, म्हणजे ज्या गाण्यांची 'बरोबर' अशी एक आवृत्ती कुणाच्या डोक्यात नाही. 'सेट द कंट्रोल्स' या गाण्याला तो ड्रम्सवरून हात उचलून घंटेकडे वळला तेव्हा पुढे काय होणार हे सभागृहात कुणालाच नक्की माहीत नव्हतं, बहुधा बाकीच्या वादकांनाही नाही. मी इतकी सावध होऊन क्वचित ऐकलं असेल.

आणि गेल्या वर्षी ऑक्टोबरात अल्बर्ट हॉलला गिल्मोर. 78 वर्षांचा माणूस, आवाज खरखरीत झालेला, पण गिटारची तार दाबून स्वर वर ओढतो तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो. त्या रात्रीचं 'ग्रेट गिग' तुला सांगायलाच हवं. त्यानं क्लेअर टॉरीची नक्कल कुणाला करायला लावली नाही. पियानोभोवती गायिका जमल्या, आणि तो एकटीचा आक्रोश त्यांनी वाटून घेतला, हलका केला, एकीनं सोडलेला सूर दुसरी उचलायची. पन्नास वर्षांचं गाणं, आणि ते अजून मंचावर बदलत होतं. त्याच्या नव्या अल्बमच्या नावाच्या गाण्यात राइटचा कीबोर्ड आहे, तो 2008 मध्ये गेला तरीही. 2007 साली गिल्मोरच्या कोठारात मित्र मित्र मिळून नुसते वाजवत बसले होते, तेव्हाची फीत होती ती.

आता तुमचं. तीनमधलं पहिलं गाणं चांगलं आहे, खरोखर चांगलं आहे, त्यातला बेस मला दुसऱ्या दिवशी कामावरही आठवत होता. ते आधी घ्या. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवा, पुण्यात ज्या छोट्या जागा नव्या बँडना संधी देतात तिथे विचारा, आणि एकदा तरी सांगलीत, घरच्या ओळखीचं कुणी नसेल अशा लोकांपुढे वाजवा. फोनवर सगळं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी चौघांनी एकत्र बसून ऐका, भांडा. जो भाग वाजवताना चौघांपैकी कुणीतरी घड्याळाकडे बघतो तो कापा. आगाऊ रक्कम बुडेल अशी काळजी असेल तर ती मी भरते, वहिनीला सांगू नकोस. स्टुडिओवाल्याला मात्र आजच कळवा, म्हणजे त्याची तारीख दुसऱ्याला देता येईल.

दादाला सांग, 'ॲनिमल्स'वरचा वाद मिटलेला नाही. आजीला साष्टांग नमस्कार, तिच्या गुडघ्याचा पट्टा ती नेमानं लावते का ते कळव, लावत नसेल तर खरं लिही. मी फेब्रुवारीत यायचं बघतेय. तुमचा पहिला कार्यक्रम त्या सुमाराला कुठे जमत असेल तर तारीख लवकर कळव, त्या बेतानं तिकीट काढते.

तुझी,
अनघाआत्या